उंचावरच्या केनेलची जमीन: प्लाय, जाळी की प्लास्टिक?

प्रश्न: माझ्याकडे तीस-तीस किलोचे दोन कुत्रे आहेत. जमिनीपासून दीड फूट उंच केनेलला १२ मिमी प्लाय घातला होता. तो आता मऊ पडलाय आणि कितीही धुतला तरी वास जात नाही. तारेची जाळी घालू का?

उत्तर: सगळीकडे जाळी घालू नका. झोपायची जागा आणि लघवी-शी करायची जागा यांच्या गरजा वेगळ्या आहेत. एकाच जमिनीवर दोन्ही भागवायला गेलं की एक तरी बाजू फसतेच.

तुमचा प्लाय बहुधा वरून कुजलेला नाही. स्क्रूच्या डोक्याभोवती आणि कापलेल्या कडेवर बघा. तिथे काळी कड दिसेल, टोकदार खिळा टोचला तर सहज आत जाईल. लघवी तिथून थरांमध्ये मुरते आणि मग वरून कितीही घासलं तरी वास आतूनच येतो. तो तुकडा रंगवून वाचत नाही, काढून टाका.

झोपायच्या भागाला १८ मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लाय) घ्या. खाली दर ३० ते ४० सेंमीवर आडवी पट्टी हवी, नाहीतर फळी मध्ये झोळ खाते आणि तिथेच पाणी साचतं. बसवण्याआधी सहाही बाजूंना इपॉक्सीचे (वाळून कडक होणारा, पाणी आत न शिरू देणारा लेप) दोन हात द्या. स्क्रूची भोकं आधी पाडून त्यांच्या आतही इपॉक्सी भरा, वाळल्यावर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारा. दुसरा हात ओला असताना बारीक वाळू भुरभुरवा, म्हणजे पाय घसरत नाहीत. जाड वाळू मात्र टाळा, ती पंजाची गादी सोलते. या भागावर रबरी मॅट हवीच. जड कुत्रा कडक फळीवर रोज लोळला की कोपराला घट्टे पडतात, कधी पाण्याची गाठही होते. मॅट चिकटवू नका. रोज उचलून खालची जागा कोरडी करता आली पाहिजे.

बाहेरच्या, लघवी-शी करायच्या भागाला प्लास्टिकच्या फटीदार फरश्या किंवा प्लास्टिकचा लेप असलेली जाड जाळी चालेल. फट १० ते १२ मिमीपेक्षा मोठी नको. उघडी बारीक तार बोटांमध्ये रुतते, बोटं फाकतात आणि मधल्या कातडीला सूज येऊन फोड होतात. पंजे आठवड्यातून एकदा बोटं फाकवून बघत जा. लेप कुठे सोलला असेल तर तो भाग लगेच बदला. कुत्रा उघड्या पडलेल्या जस्ताच्या मुलाम्याच्या तारा चावत बसला, तर पोटात जस्त जाऊन विषबाधा होऊ शकते. आणि फटींतून शी आपोआप खाली पडेल अशी आशा धरू नका. निम्मी वरच चेंगरते. म्हणून जमिनीखाली पाइप आणि झाडू शिरेल एवढी जागा ठेवा, तुमचा दीड फूट पुरेसा आहे. झोपायच्या भागातल्या अखंड फळीला बाहेरच्या बाजूला मीटरला २ सेंमी उतार द्या.

एचडीपीईचा (एक टणक प्लास्टिक) अखंड पत्रा घालणार असाल तर तो उन्हात वाढतो हे लक्षात ठेवा. दोन मीटरचा पत्रा ३० अंशांच्या फरकाने साधारण ९ मिमी लांब होतो. भोकं लांबट ठेवा, कडेला १० मिमी मोकळं सोडा. घट्ट आवळलात तर तो मध्ये फुगून उचलतो.

धुताना आधी साबणाने मळ काढा, भरपूर पाण्याने धुवा, मगच ब्लीच. ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग ब्लीच, ३० भाग पाणी. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग धुऊन कोरडं करा. कुत्रे तोवर बाहेरच ठेवा. मळावर ब्लीचचा जोर चालत नाही, आणि साचलेल्या लघवीवर ओतलं तर झोंबणारा वायू निघतो. पार्व्होचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे धुण्यात घाई कधीच करू नका.

प्रश्न: याच केनेलमध्ये पिल्लं ठेवता येतील का?

उत्तर: फटीदार भागावर नाही. पाय फटीत अडकून मोडू शकतो, आणि खालून येणाऱ्या वाऱ्याने नवजात पिल्लं गार पडतात, कारण त्यांना अंगाची ऊब अजून सांभाळता येत नाही. अखंड फळीवर न घसरणारं, रोज बदलता येईल असं जाड कापड अंथरा. गुळगुळीत जमिनीवर पिल्लांचे मागचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पिल्लू मोठं झाल्यावरही त्याचा पंजा फटीत जात नाही याची खात्री करूनच त्याला बाहेरच्या भागात सोडा.