शिकतानाचा रोज

बाय,

तुझं पत्र परवा मिळालं. दुपारी पडल्या पडल्या वाचलं, झोप येईना म्हणून उठून पुन्हा वाचलं. तुमच्या प्रशिक्षण केंद्रात २८ मुलींनी नाव घातलं, तिसरा आठवडा संपताना ११ उरल्या. वरून फोन आला की बॅच भरून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी केंद्र विसरा. आणि तुझ्या सहकाऱ्यानं हजेरीपटाच्या शेऱ्यात लिहिलं, ‘चिकाटीचा अभाव’. तू मला विचारतेस, मुलींना समजावण्यात मी कुठे कमी पडते?

कुठेही नाही. हे समजावण्यानं सुटणारं नाही. तो शेरा मात्र आधी खोड. पेन्सिलीनं लिहिला असेल तर खोडरबरानं, पेनानं लिहिला असेल तर पानच बदल.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तूच एक गोष्ट लिहिलीस आणि तिथं न थांबता पुढे गेलीस. झुआरीनगरहून येणारी ती मुलगी सकाळी वास्कोजवळच्या चिखलीच्या फ्लॅटांत चार घरची कामं करत होती, महिन्याला ६,००० मिळत होते. तुमचा वर्ग नऊ ते एक. चारही घरं सुटली. तीन महिन्यांचे किती झाले? १८,०००. वर बसचं तिकीट. तुमच्या फलकावर ‘विनामूल्य प्रशिक्षण’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि त्या घरात त्या कोर्सची किंमत १८,००० रुपये आहे. ही फी भरायला तिला सांगतं कोण? आपण. न भरता गेली तर चिकाटी नाही म्हणतं कोण? आपणच.

शिकवणाऱ्याला पगार आहे. झाडणाऱ्या बाईला पगार आहे. खोलीचं भाडं वेळेवर जातं, फलक रंगवणाऱ्याचे पैसे चुकते होतात. त्या सगळ्या खर्चात फक्त शिकणारीचा दिवस फुकट धरलेला आहे. मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे, आणि हे पत्र संपेपर्यंत तीच सांगणार आहे: शिकणाऱ्या बाईला त्या दिवसाचा रोज मिळालाच पाहिजे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. उशिरा कळलं, आणि ज्यांच्यावर शिकून कळलं त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. १९९६ साली वास्कोत बायण्याला एका भाड्याच्या खोलीत मी शिवणवर्ग घेत होते. नियम माझेच होते. दहा मिनिटं उशीर झाला की दार बंद, तीन दिवस गैरहजर राहिली की नाव कापायचं. शिस्तीनंच या मुली वर येतील असं मला मनापासून वाटायचं. श्रावणात दामोदर सप्ताहाची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरली आणि एक मुलगी पाच दिवस आली नाही. खाज्याच्या दुकानावर कढया घासत होती, फेरीत रोज जास्त मिळतो म्हणून. सहाव्या दिवशी वही घेऊन दारात उभी राहिली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ज्यांना खरंच शिकायचंय अशा मुली बाहेर वाट बघतायत, तू जा. ती गेली. रडली नाही, काही बोलली नाही.

दोन वर्षांनी चिखलीच्या चढावर एका इमारतीचं काम चाललं होतं, तिथं ती दिसली. डोक्यावर सिमेंटचं घमेलं. तिनं मला आधी ओळखलं. घमेलं उतरवून आली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “टीचर, बाहीचं राहिलं.” मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. सप्ताहाच्या आधीच्या आठवड्यात मी कॉलर शिकवून संपवली होती, पुढचा आठवडा बाहीचा होता. बाही जोडता येत नसेल तर ब्लाउज शिवता येत नाही, आणि ब्लाउज शिवता येत नसेल तर वस्तीत कुणी शिवणाचे पैसे देत नाही. एका आठवड्यापायी ती घमेल्यावर गेली होती. त्या पाच दिवसांचा तिचा रोज माझ्या पाकिटातून दिला असता तरी मला तो जड गेला नसता. पण हे सुचलंच नाही. मी शिस्त लावत होते.

आणि सुचायला हवं होतं, कारण माझ्याच घरात ते घडलं होतं. माझं माहेर जत तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पुढे तिथंच एका गवंड्याच्या हाताखाली बांधाला दगड लावायला शिकली. रोज घेत घेत शिकली. कुणी तिला सांगितलं नाही की आधी तीन महिने उपाशी शीक, मग काम बघू. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा महाराष्ट्रात १९७७ साली कायदा झाला. २००५ साली दिल्लीनं तसाच कायदा देशभर केला, पण गावापुरता. शहरातल्या बाईला दिल्लीनं कामाचा तसा हक्क दिला नाही. तिच्या वाट्याला फुकटचं प्रशिक्षण आलं. आपण गोव्यात बसून यावर बोलायला हवं, कारण २०११ च्या जनगणनेतच या राज्यातली दहातली सहा माणसं शहरात राहत होती.

तुझ्या वरच्यांचं म्हणणं मला पाठ आहे. पैसे दिले तर मुली पैशांसाठीच येतील. हो, येतील. तू पगारासाठी जातेस, मीही जात होते, आणि तरी आपण काम मनापासून केलं. गरीब बाईचं मनच तेवढं पैशाविना तपासून का बघायचं?

आता पैसे कुठून, हे तू विचारणारच. याचं उत्तर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि मोठ्या हॉटेलांत आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनेनं एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी त्यांचं किमान विद्यावेतन ठरवलं: पाचवी ते नववी शिकलेल्यांना महिना ५,०००, दहावीला ६,०००, बारावीला ७,०००, पदवीधराला ९,०००. त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार सोसतं. म्हणजे शिकतानाचा रोज ही माझ्या डोक्यातून निघालेली खुळी कल्पना नव्हे, साठ वर्षांहून जुना कायदा आहे. तू व्यवस्थापकापुढे दयेची मागणी घेऊन बसू नकोस. तुमच्याकडे माणसं किती, त्यात शिकाऊ किती, एवढंच विचार आणि कागदावर लिहून घे.

पण डोळे उघडे ठेव. कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, त्यामुळे त्याला पीएफ नाही, ईएसआयचा आरोग्य विमा नाही. काही ठिकाणी याच कारणानं घेतात, वर्षभर पुऱ्या कामाला लावतात आणि संपलं की नवीन घेतात. म्हणून पहिल्याच बैठकीत विचार, मागच्या वर्षीच्या शिकाऊंपैकी आज तुमच्या पगारपत्रकावर कोण आहे? नावं सांगता आली तर पुढे बोल. सांगता आली नाहीत तर चहाचा कप खाली ठेव आणि ऊठ. आणि सुटायची वेळ विचार. झुआरीनगरला जाणारी शेवटची बस चुकवणारी पाळी कुठल्याही मुलीच्या घरी चालणार नाही, रोज मिळो न मिळो.

समानतेबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि ती मला फार सावध वाटली. स्पष्ट लिही ना! सरकारी योजनेच्या बहुतेक खिडक्यांवर १५ वर्षांचा रहिवासी दाखला मागतात. तुझ्या वर्गातल्या मुलींचे आईबाप गदगहून, विजापूरहून आलेले. मुली वास्कोत जन्मल्या, इथल्या शाळेत शिकल्या, पण घरमालक भाड्याचा कागद करून देत नाही म्हणून पुरावा नाही. शहराची योजना घेऊन पालिकेत जावं तर झुआरीनगर सांकवाळ पंचायतीत येतं. शाळेपासून ‘घाटी’ हा शब्द ऐकत मोठ्या झालेल्या मुली या. एकदा आमच्या समितीनं ठराव आणला की दाखला असलेल्या मुलींना आधी घ्यायचं. मी विरोधात बोलले, आणि मग सही केली. वाटलं, वर्ग तरी चालेल. त्या सहीनं नऊ मुली परत गेल्या. इमारतीला विटा वाहताना त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नव्हता. तू अशी सही करू नकोस. रोज द्यायचा तर जी त्या बाकावर बसेल तिला द्यायचा, आणि सगळ्यांना सारखा.

तू ऐकलं असशील की माझं केंद्र माझ्याच हट्टानं बंद पडलं. कुणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे. तर माझ्याकडून ऐक. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. खाणींचा माल वाहणाऱ्या बार्जी उभ्या राहिल्या, ट्रक उभे राहिले, बंदरातली कामं आटली, आणि ज्या बाया कधी कामाला बाहेर पडल्या नव्हत्या त्या आमच्या दारात आल्या. एका देणगीदारानं २० शिलाई यंत्रांचे पैसे दिले. मी आठ घेतली, तीही जुनी, आणि उरलेल्या पैशांतून १६ बायांना दिवसाचे १५० रुपये द्यायला सुरुवात केली. दोघींनी एक यंत्र वापरायचं, एकीनं कापायचं, दुसरीनं शिवायचं. चार महिने. १५ जणींनी कोर्स पुरा केला. आजारी मूल नव्हतं अशी एक नव्हती त्यांच्यात, तरी पुरा केला. माझ्या सगळ्या वर्षांत असा वर्ग दुसरा झाला नाही.

हिशेब तपासणीत यंत्रं आठच निघाली. समितीनं म्हटलं, पैसे दुसरीकडे वळवले. देणगीदारानं हात काढला आणि २०१४ ला कुलूप लागलं. लोक म्हणतात, २० यंत्रं घेतली असती तर वर्ग आजही चालला असता. चालला असता. २० यंत्रं आणि पाच बाया. मी पैसा न पैसा वहीत लिहिला होता, प्रत्येकीची सही आहे, ती वही अजून माझ्या कपाटात आहे. चूक एवढीच झाली की देणगीदाराकडून आधी लेखी घेतलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील अशी भीती होती. तू आधी लेखी घे. ‘विद्यावेतन’ हा शब्द अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर घाल, यंत्रांच्या आणि खुर्च्यांच्या वर. खोडला तर पुन्हा लिही. मी केलं त्याबद्दल मात्र मी कुणाची माफी मागितलेली नाही, मागणारही नाही.

रागावले असेन तर सोड. तुझ्यावर रागावले नाही. तुझ्या वयात मी दार बंद करत होते. तू निदान गेलेल्या मुलींचा विचार करत रात्री जागतेस. नोकरी सोडू का, असं शेवटी विचारलंस. या महिन्यात नको. थकल्यावर घेतलेला निर्णय आहे तो, आणि ११ मुली अजून येतायत.

त्या १७ जणींच्या घरी जा. संध्याकाळी सातनंतर, त्याआधी कुणी भेटणार नाही. का सोडलंस असं विचारू नकोस, खोटं ऐकशील. काल किती मिळाले, कुठे मिळाले, किती वाजता घरी पोचलीस, एवढंच विचार आणि नावापुढे लिही. वरच्यांसमोर शेऱ्याच्या जागी हे आकडे ठेवू. पुढच्या बुधवारी मी फोंड्याहून सकाळच्या बसनं वास्कोला येते. वही घेऊन बसस्टँडवर ये.

तुझी,
टीचर