घरात पाळायला सगळ्यात इमानी आणि प्रेमळ कुत्र्याची जात कोणती?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात टू बीएचके फ्लॅट आहे, मुलगी नऊ वर्षांची, तुम्ही दोघं नोकरीला आणि दिवसभर घरात फक्त तुमच्या आई. कुत्रा हवाय तो ‘सगळ्यात इमानी आणि सगळ्यात प्रेमळ’. माझं जवळजवळ सगळं आयुष्य कुत्र्यांच्या सोबतीत गेलंय, म्हणून आधी एक सांगते. तुम्ही एका दमात दोन वेगळे कुत्रे मागितलेत.

इमानी कुत्रा एका माणसाला, फार तर एका घराला धरून राहतो. प्रेमळ, माणसाळू कुत्रा दारात येईल त्याच्या गळ्यात पडतो. दोन्ही गुण थोडेथोडे प्रत्येक कुत्र्यात असतात, पण दोन्ही काठोकाठ भरलेले एकाच कुत्र्यात मी तरी पाहिले नाहीत.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, कारवानी जातीचा कुत्रा होता. नाव सर्जा. लांबोडकं तोंड, पोट पाठीला गेलेलं, काटक्यांसारखे पाय. पाव्हण्यांना वाटायचं, याला कोणी खायला घालत नाही. पण ही जातच धावण्यासाठी घडलेली. कर्नाटकात तिला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली होती, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात हाही होता. सर्जा आम्हा पोरांना कधी डोक्यावरून हात फिरवू द्यायचा नाही. गुरगुरायचाही नाही, नुसता उठून चार हात लांब जाऊन बसायचा. आबा बाजेवर आडवे झाले की मात्र त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपायचा.

मी सातवीत असताना आबांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं, अकरा दिवस. पहिले तीन दिवस सर्जानं अन्नाला तोंड लावलं नाही. दुधातली भाकरी वाडग्यात सुकून जायची, तिला मुंग्या लागायच्या. चौथ्या दिवशी आजीनं आबांचं घोंगडं अंगावर घेतलं आणि उंबऱ्यात बसून हातावर भाकरीचा तुकडा धरला. त्यानं आधी घोंगडं हुंगलं, कडेकडेनं, बराच वेळ. मग तुकडा घेतला. आबा परत येईपर्यंत आजी रोज ते घोंगडं पांघरून त्याला खायला घालत होती, भर उन्हाळ्यात.

असं इमान तुम्हाला हवं असेल तर कारवानी घ्या. पण मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या तर तो पलंगाखाली जाईल, आणि रोज पट्टा सोडून मनसोक्त पळायला मोकळं रान लागेल. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये या कुत्र्याचे हाल होतात, म्हणून मी तुम्हाला तो सुचवणार नाही.

इमानाचं नाव काढलं की लोक जपानमधल्या हाचिको नावाच्या कुत्र्याचं उदाहरण देतात. तोही अकिता, म्हणजे परक्यांशी तसाच अंतर राखून वागणाऱ्या जातीचा. त्याचे मालक, टोकियोतले प्राध्यापक उएनो, मे १९२५ मध्ये अचानक वारले आणि हाचिको मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. मला त्यातलं सगळ्यात आत शिरतं ते हे: दोघांचा प्रत्यक्ष सहवास जेमतेम सव्वा वर्षाचा होता. पिल्लू होता तो, १९२४ च्या सुरुवातीला आलेला. पिल्लूपणी त्याला जे मिळालं ते त्याला पुढची दहा वर्षं पुरलं.

आता दुसरं टोक. लग्नानंतर पुण्यात आम्ही लॅब्रेडॉर आणला, ब्रुनो. गॅसवाला आला की हा जे सापडेल ते तोंडात धरून त्याच्यापुढे उभा. चप्पल, उशीचा अभ्रा, एकदा तर नुकतीच निवडलेली मेथीची जुडी. हे लॅब्रेडॉरच्या रक्तातच आहे. यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना मदत करायचे, पुढे इंग्लंडात पडलेली शिकार अलगद तोंडात धरून आणायला त्यांना तयार केलं गेलं. माणसाबरोबर काम करण्यात यांना आनंद असतो, म्हणून शिकवायलाही सोपे. माझ्या मुलानं ब्रुनोच्या पाठीचा आधार घेऊन पहिली पावलं टाकली. तो मुंगीच्या पावलांनी त्याच्यासोबत चालायचा.

मात्र ब्रुनोच्या बाबतीत आमची एक मोठी चूक झाली. ओट्यावरच्या पोळ्या पळवायचा, तेव्हा आम्ही हसायचो. वजन ४१ किलोवर गेलं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्यांनी तपासलेल्या लॅब्रेडॉरपैकी जवळपास पाव कुत्र्यांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे त्यांची भूक वाढलेली असते. मला हे फार उशिरा कळलं. शेवटच्या दीड वर्षात त्याचे खुबे गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पोटाखालून टॉवेल घालून मी आणि नवरा त्याला तीन मजले उतरवायचो, दिवसातून तीनदा, आणि दर मजल्यावर तो आम्हा दोघांचे हात चाटायचा. म्हणून कळकळीनं सांगते, लॅब्रेडॉर आणलात तर त्याचं जेवण वाटीनं मोजून द्या, आणि आईंना आधीच सांगून ठेवा की डोळ्यांत कितीही पाणी आणून बघितलं तरी जास्तीची पोळी द्यायची नाही.

गोल्डन रिट्रीव्हर स्वभावानं याच्याच वळणाचा, जरासा हळवा. केसांची निगा भरपूर, आणि ठाण्याचा दमट उन्हाळा त्याला जड जातो. जर्मन शेफर्ड हुशार आणि इमानी, पण रोज काम आणि व्यायाम न मिळाल्यास चिडचिडा होतो. बीगल गोड, मुलांशी छान, पण आवाज असा की शेजारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार घेऊन येतील. आपल्याकडे ज्याला सगळे पामेरियन म्हणतात ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. काटक, घरातल्या एकाला घट्ट धरून राहणारं, लहान मुलांच्या ओढाताणीला मात्र वैतागणारं. पग आणि हस्की कृपा करून आणू नका. पगच्या चपट्या नाकातून धड श्वास जात नाही आणि कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकूनच. हस्की सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला घडलेला. दोघांनाही आपल्या हवेत दिवस काढायला लावणं मला बघवत नाही.

तरी जात म्हणजे स्वभावाची हमी समजू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून गोळा करून आणि त्यांतल्या अनेकांची जनुकं तपासून एक अभ्यास झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीमुळे असतो, असं त्यात निघालं. बाकी सगळं त्या एका कुत्र्याचं आणि त्याला वाढवणाऱ्या घराचं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. त्या दिवसांत कुकरची शिट्टी, लिफ्टचा दरवाजा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा हे सगळं त्याला प्रेमानं दाखवा. लसीकरण पुरं होईपर्यंत खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा धोका खरा असतो.

हे मला शिकवलं चिमणीनं. चिमणी गावठी आहे. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली, तेव्हा चारेक महिन्यांची असेल. तो नाजूक काळ रस्त्यावर गेलेला, त्यामुळे प्लंबर आला की अजूनही कपाटामागे जाते. फटाक्यांचे दिवस तिला नको होतात. पण घरच्यांशी? सर्जाचं इमान आणि ब्रुनोची माया यांच्या मधोमध कुठेतरी ती आहे. गोचीड-तापाचं एक दुखणं सोडलं तर आजारी पडलेली नाही. आखूड केस, उन्हाला सरावलेलं अंग, बेताचं खाणं. घरात सू-शी करायची नाही हे आठ दिवसांत कळलं तिला.

म्हणून तुमच्यासाठी माझा कौल असा: दोन-अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू, शक्यतो मादी. जातिवंतच हवा असेल तर लॅब्रेडॉर. विकत घेणार असाल तर पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय घेऊ नका, त्याआधी विकणं नियमातही बसत नाही. आणि पिल्लाची आई बघायला मागा. आई परक्या माणसाला बघून थरथरत असेल, किंवा विकणारा ती दाखवायलाच टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू हातात घेण्याआधी निघा. एकदा हातात घेतलंत की निघवत नाही.

आणखी एक. चिमणीला घरात घ्यायला माझ्या सासूबाईंचा सक्त विरोध होता. ‘देवघराच्या आसपास दिसली तर बघ’, असं त्यांनी मला बजावलं होतं. आम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडायचो. पंधरा दिवसांनी मी एकदा लवकर घरी आले, तर सासूबाई पोथी वाचत होत्या आणि चिमणी देवघराच्या उंबऱ्याबाहेर, बरोबर रेषेवर, पुढचे दोन पाय जुळवून बसली होती. पान उलटताना सासूबाईंचा डावा हात तिच्या कानामागे होता. आज आम्ही तिघांनी एकदम हाक मारली तरी ती त्यांच्याकडेच जाते.

तुमच्याकडेही दिवसभर घरी असणार आहेत त्या तुमच्या आई. कुत्रा मुलीसाठी आणताय, पण तो होणार आईंचा. जात ठरवण्याआधी त्यांना विचारलंत का?