ट्विन पीक्स या अमेरिकन मालिकेच्या २०१७ च्या सीझनमधला सगळ्यात रडवणारा भाग कोणता?

माझ्यासाठी तरी १५ वा, कारण त्यात भेट पण आहे आणि निरोप पण. एड आणि नॉर्मा, पहिल्या सीझनपासून म्हणजे १९९० पासून एकमेकांसाठी झुरतायत, आणि इथे एडची बायको नादिन स्वतः खांद्यावर सोनेरी फावडं घेऊन चालत येते आणि एडला सांगते की जा, तू मोकळा आहेस. तो लगेच नॉर्माच्या डायनरमध्ये जातो तर नॉर्मा दुसऱ्याच माणसाशी बोलत बसते, हा बिचारा कॉफी मागवून काउंटरवर डोळे मिटून बसतो... आणि मग खांद्यावर तिचा हात येतो. फक्त हात दिसतो आधी, तिथेच माझा बांध फुटला.

आणि त्याच भागात लॉग लेडी (कायम लाकडाचा ओंडका घेऊन फिरणारी बाई) पोलीस असलेल्या हॉकला फोन करून सांगते की मी मरतेय. ती भूमिका करणारी कॅथरीन कूलसन तेव्हा खरंच खूप आजारी होती, सप्टेंबर २०१५ मध्ये गेली, म्हणजे एपिसोड आला तेव्हा ती नव्हतीच. हॉक आधी गुडनाइट म्हणतो, फोन ठेवल्यावर एकटाच हळूच गुडबाय म्हणतो, मग तिच्या घराच्या खिडकीतला दिवा विझतो. मी तिथे पॉज करून बराच वेळ नुसती बसले होते.