समितीकडे मसुदा पाठवण्यापूर्वी

प्रिय तरुण सहकारी,

सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही प्रतिबंधाविषयीच्या संशोधनाचा तुझा मसुदा वाचला. नमुना निवड आणि विश्लेषण यांबद्दल मला फारसे सांगायचे नाही. मात्र देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि तृतीयपंथी यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्या संघटनांचे सहकार्य घेतले जाईल, हे शेवटच्या भागातले एकच वाक्य मला अपुरे वाटते. या लोकांशी बोलणे संशोधनाचा प्रश्न ठरण्यापूर्वी व्हायला हवे.

कंबोडियातील घटना तू नीट अभ्यासावीस. टेनोफोव्हिर हे औषध रोज घेतल्याने संसर्ग टळतो का, हे तपासण्यासाठी तिथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर चाचणी होणार होती. औषधाचे दुष्परिणाम झाले, तर चाचणी संपल्यावर आमच्या उपचारांची जबाबदारी कोण घेणार, असे त्यांच्या संघटनेने विचारले. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने विरोध वाढत गेला आणि ऑगस्ट २००४ मध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी सुरू होण्यापूर्वीच थांबवली. त्या स्त्रियांना विज्ञानविरोधी ठरवणाऱ्यांशी मी कधीही सहमत होणार नाही. प्रतिबंधासाठी या औषधाचा उपयोग होतो, हे पुढे अन्य देशांतील चाचण्यांतून दिसले. पण त्यामुळे त्यांचा प्रश्न गैरलागू ठरत नाही.

याउलट कोलकात्यातील सोनागाछी या देहविक्रयाच्या वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून जे काम उभे केले, त्यात वस्तीतल्याच स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. अशा ठिकाणी ऐकत बसलास, की निरोधविषयीच्या ‘माहितीचा अभाव’ मोजणारी तुझी प्रश्नावली अपुरी का आहे, ते कळेल. निरोधचे महत्त्व त्या स्त्रीला पुरेपूर ठाऊक असते. परंतु तिने एकटीने आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाते, आणि सगळ्यांनी मिळून नकार दिला तरच तो नकार टिकतो. म्हणजे मोजायला हवी ती एकजूट, कर्जाचा बोजा आणि पोलिसांची भीती.

तृतीयपंथीयांच्या घराण्यात गुरूची परवानगी आवश्यक असते, पण ती चेल्याची संमती नव्हे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीवर तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय संशोधन करता येत नाही, हे आपल्या देशाच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्यातच स्पष्ट आहे. म्हणून प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, गुरूच्या अनुपस्थितीत बोल.

अंदाजपत्रकात मुलाखत देणाऱ्यांच्या बुडालेल्या कमाईची भरपाई दाखव, आणि निष्कर्ष नियतकालिकाकडे जाण्याआधी वस्तीत मांडण्यासाठी वेळ राखून ठेव. दुरुस्त मसुदा पाठवशील तेव्हा वस्तीतल्या पहिल्या बैठकीचे इतिवृत्तही जोड. त्यांनी कोणते प्रश्न गाळायला सांगितले, ते मला आधी वाचायचे आहे.

तुझ्या कामाची मनापासून काळजी असलेला,
तुझा मार्गदर्शक