पांढऱ्या कडांच्या होयाला तीन वर्षांत एकही फूल का आलं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पांढऱ्या कडांच्या पानांचा होया हा वेल तीन वर्षं घरात आहे, पानं तजेलदार आहेत, वेल चांगली दोन-तीन हात खाली लोंबते, पण फुलाचं नाव नाही. कुंडी खोलीच्या आतल्या बाजूला कपाटावर आहे. मधूनमधून निघणाऱ्या लांब, बिनपानांच्या काड्या विचित्र दिसतात म्हणून तुम्ही कापून टाकता. आणि मागच्या वर्षी मुळांना ऐसपैस जागा मिळावी म्हणून झाड दहा इंचांच्या कुंडीत हलवलंत.

या तिन्ही गोष्टी फुलांच्या आड येतात. त्यातली कात्री मात्र आजच थांबवा. उजेड आणि कुंडी नंतरही बदलता येईल, कापलेली काडी परत जोडता येत नाही.

त्या काड्या म्हणजे रोगट वाढ नव्हे. होया मूळचा झाडावर चढणारा वेल आहे. दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम, जपानचा दक्षिण भाग इथल्या रानांत तो मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वाढतो. आधार शोधायला तो आधी नुसती काडी पुढे पाठवतो, पानं नंतर. माझ्या झाडाची एक काडी हातभर लांब होऊन जवळजवळ चार महिने तशीच उघडी लटकत होती. मग एका आठवड्यात तिच्या पेरांवर तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी टोकं दिसायला लागली आणि पानांच्या जोड्या एकापाठोपाठ एक उलगडल्या. पुढच्या हंगामात फुलं आली ती याच काडीवर. काडी लोंबू द्या किंवा सैलसर वळवून कुंडीतल्या तारेच्या कड्यावर गुंडाळा, पण तिला पुढे जाऊ द्या. टोकाकडून वाळून तपकिरी झाली तर वाळलेला तेवढाच भाग काढा.

याहून मोठं नुकसान फुलांनंतरच्या कापणीने होतं, आणि हे मी स्वतः केलेलं आहे. पहिला गुच्छ गळला तेव्हा मागे उरलेली उघडी दांडी मी बुंध्यापासून कापली, जशी गुलाबाची कापतात तशी. होयाची दांडी मात्र दरवर्षी कामाला येते. त्याच दांडीच्या टोकावर पुन्हा कळ्या धरतात, दर खेपेला ती किंचित लांब होते, आणि जुन्या दांडीवर आधीच्या गुच्छांच्या खुणा दाटीने बसलेल्या दिसतात. मी ती कापली त्या वर्षी झाडाला नवी दांडी घडवण्यापासून सुरुवात करावी लागली आणि पुढची फुलं पाहायला मला दोन वर्षं थांबावं लागलं. त्या दोन वर्षांची हळहळ अजून वाटते, म्हणून हे इतकं लांबवून लिहितेय.

आता उजेड. पांढऱ्या कडांच्या या जातीला ‘क्रिमसन क्वीन’ म्हणतात. पानाच्या मधोमध पांढरट-पिवळा आणि कडेला हिरवा असेल तर ती ‘क्रिमसन प्रिन्सेस’. दोन्ही ‘होया कार्नोसा’ या एकाच प्रजातीच्या. पानाचा जो भाग पांढरा, तिथे हरितद्रव्य नाही, म्हणजे तो भाग झाडासाठी काही कमावत नाही. अख्ख्या हिरव्या होयाला जेवढ्या उजेडात भागतं तेवढ्यात दुरंगी होया जेमतेम जगतो. पानं टिकवायला पुरेसा उजेड आणि फुलायला पुरेसा उजेड यांत बरंच अंतर असतं, आणि तुमचं झाड या दोहोंच्या मधे अडकलंय.

आपले डोळे इथे फसतात. खोलीत वाचता येतं म्हणजे उजेड भरपूर, असं वाटतं. पण खिडकीपासून चार-पाच हात आत गेलं की झाडाला मिळणारा उजेड फारच घटतो. दुपारी पानांच्या वर फूटभर उंचीवर हात धरून सावली पाहा. बोटं वेगळी ओळखू येतील अशी ठसठशीत सावली पडली तर जागा फुलांची. नुसता धूसर डाग पडला तर ती पानांची जागा, फुलांची नाही. कपाटावर तुम्हाला बहुतेक तो डागही दिसणार नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे पूर्वेच्या खिडकीला अगदी लागून, सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास पानांवर येईल अशी. दुपारचं कडक ऊन काचेतून थेट आलं तर आधी पांढऱ्या कडा भाजतात, म्हणून तशा खिडकीला पातळ पडदा हवा. आणि कपाटावरून झाड एकदम उन्हात नेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पुढे सरकवा. चांगली खिडकीच नसेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा पानांपासून फूटभर वर लावून दिवसाचे बारा तास चालू ठेवला तरी चालतं. उजेड पुरेसा झाला की झाड स्वतः सांगतं: नवी पानं गुलाबी छटा घेऊन येतात आणि पेरांमधलं अंतर कमी होतं.

रंगाबद्दल एक गोष्ट. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती सुंदर दिसली तरी ठेवू नका, दुरंगी पानाच्या पेरापर्यंत मागे कापा. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि हळूहळू सगळं झाड तिच्यामागे जातं. उलट पूर्ण पांढऱ्या पानांची फांदी नुसती झाडाच्या जिवावर जगते. एखाद-दुसरी जोडी पांढरी आली तर असू द्या, पण सगळी फांदीच पांढरी होत चालली तर तीही मागे घ्या. कात्री बाजूला ठेवा म्हटलं त्याला एवढाच अपवाद.

कुंडीचं म्हणाल तर होयाला मुळं दाटलेलीच मानवतात. झाडांच्या सालींच्या बेचक्यात, मूठभर कुजक्या पालापाचोळ्यात वाढणारी जात ही. दहा इंचांच्या कुंडीत मुळं जिथवर पोचलीच नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. शिवाय झाड आधी ती मोकळी जागा भरायच्या मागे लागतं. मुळांचा गोळा पाहून त्याला जेमतेम बसेल अशी, बहुतेक पाच-सहा इंचांची कुंडी घ्या. मिश्रण भरड हवं: सालीचे तुकडे, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसती बागेची माती नको. या अदलाबदलीनंतर दोन-तीन वर्षं तरी कुंडी बदलू नका.

पाणी दर आठवड्याला ठरल्या दिवशी घालता, ते सोडा. ‘कार्नोसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मांसल. त्या जाड पानांत पाण्याचा साठा असतो. हा होया निवडुंगासारखा रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि दिवसा ती मिटून ठेवतो, त्यामुळे त्याचा पाण्याचा खर्च कमी असतो. एक जुनं पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघा. ताठ असेल, वाकायला तयार नसेल, तर थांबा. लवचीक लागलं आणि मातीही खोलवर कोरडी असली तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. पानं सुरकुतलेली आणि माती मात्र ओली, असं दिसलं तर पाणी वाढवू नका. मुळं कुजल्याने झाडाला पाणी ओढता येत नाहीये. तेव्हा झाड उपसून काळी, बुळबुळीत मुळं कापायची आणि कोरड्या मिश्रणात परत लावायचं.

थंडीच्या दिवसांत सहा ते आठ आठवडे त्याला विश्रांती द्या. खत बंद, पाणी अगदी कमी, आणि रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास असेल अशी जागा. १० अंशांच्या खाली मात्र जाऊ देऊ नका. या थंड-कोरड्या काळानंतर दिवस मोठे व्हायला लागले की कळ्या धरण्याची शक्यता खूप वाढते. खत वाढीच्या दिवसांत, लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, महिन्यातून एकदा पुरे. नायट्रोजन जास्त असलेल्या खताने पानंच वाढतात.

कीड म्हणजे मुख्यत्वे पिठ्या ढेकूण आणि मावा. पिठ्या पानांच्या बगलेत कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा बसतो. सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढावा, आणि आठवड्याने परत पाहावं, कारण अंडी राहून जातात. मावा असेल तर बहुतेक पिवळाधमक, रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो तोच. यात नवल नाही, होया त्यांच्याच कुळातला आहे. पान तुटलं की येणारा पांढरा चीक हीही घरचीच खूण. (होया हे नाव मात्र माळ्याचं आहे. इंग्लंडमधल्या सायन हाउसच्या बागेचा मुख्य माळी थॉमस हॉय याच्या सन्मानार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८१० मध्ये हे नाव दिलं. एका माळ्याचं नाव दोनशे वर्षं घराघरांतल्या खिडक्यांत लोंबतंय याचा मला फार आनंद वाटतो.)

रुईशी नातं फुलातही दिसतं. परागकण सुटे नसतात, त्यांच्या बारीक पुड्या असतात. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रानातल्या होया कार्नोसाच्या या पुड्या मोठ्या निशाचर पतंगांच्या पायांना चिकटून एका फुलातून दुसऱ्या फुलात जाताना आढळल्या. म्हणूनच फुलाचा वास दिवसा जेमतेम येतो आणि अंधार पडल्यावर खोली भरून टाकतो. पाकळ्या फिकट गुलाबी आणि मखमली लव असलेल्या, मधोमध मेणाची घडवल्यासारखी लालसर चांदणी, आणि त्या चांदणीवर कधीकधी मधाचा स्वच्छ थेंब. माझ्या पहिल्या गुच्छात एकोणीस फुलं होती, मी दोनदा मोजली. खाली पुस्तकं ठेवू नका, तो थेंब चिकट असतो. फुलांखाली चिकट ठिपके पडले तर काळजी नको. पण फुलं नसताना पानं चिकट लागली तर पिठ्या किंवा मावा शोधा.

आता प्रश्नासोबत तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी दुसऱ्याबद्दल. तो मी मोठा करून पाहिला. डावीकडून तिसऱ्या पानाच्या बगलेत अर्ध्या इंचाची, टोकाला जाडसर, तपकिरी-हिरवी खुंटी आहे. तुम्हाला ती वाळका देठ वाटली असेल. ती फुलांचीच दांडी आहे. म्हणजे तुमचं झाड वयात आलंय, त्याने एकदा प्रयत्न केलाय आणि उजेड कमी पडल्यामुळे तो तिथेच थांबलाय. त्या खुंटीला अजिबात धक्का लावू नका. कुंडी बदलताना ती बाजू वर राहील असं झाड धरा.

झाड खिडकीपाशी रुळलं की त्या टोकावर रोज नजर ठेवा. आधी राईएवढे हिरवे दाणे दिसतील, मग त्यांच्या पाच कोनांच्या फुगीर उश्या होतील, एकेक बारीक देठावर. माझ्याकडे दाण्यांपासून उमलेपर्यंत दीड महिना लागला. त्या काळात कुंडी दुसरीकडे नेऊ नका, माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका; जागा बदलली किंवा तहान लागली की कळ्या पिवळ्या पडून गळतात. खिडकीकडची बाजू कोणती ते कुंडीवर खडूने लिहून ठेवा, म्हणजे पुसापुशीसाठी उचलली तरी तशीच परत ठेवता येईल.