क्रिस बोरलंडने एकाच हंगामानंतर एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) का सोडली?

डोक्याला होणाऱ्या माराच्या धास्तीने. कुठली मोठी दुखापत झाली म्हणून नाही, आणि संघाने काढलं म्हणूनही नाही.

बोरलंड विस्कॉन्सिन विद्यापीठाचा लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं. संघाचा मुख्य लाइनबॅकर पॅट्रिक विलिस जायबंदी झाल्यावर त्याला संधी मिळाली आणि पोराने तिचं सोनं केलं. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यात त्याने प्रतिस्पर्धी ईलाय मॅनिंगने फेकलेले दोन पास हवेतच पकडले; दुसरा तर शेवटच्या मिनिटांत, अगदी गोललाइनजवळ, आणि तिथेच सामना खिशात आला.

पण सराव शिबिरात डोकं आपटूनही तो खेळत राहिला होता. संघात जागा पक्की करायची असताना कोण सांगणार? तेव्हापासून त्याच्या डोक्यात विचार सुरू झाला. त्याने सीटीईबद्दल वाचलं, संशोधकांशी बोलला आणि मार्च २०१५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. सीटीई म्हणजे वारंवार मार बसून मेंदूची होणारी झीज. तिचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, त्यामुळे 'लक्षणं दिसली की थांबू' हा हिशोब त्याला पटला नाही.

करारावर सही करताना मिळालेल्या बोनसचा मोठा भाग त्याने परत केला, हे मला फार मोलाचं वाटतं. तसंही या लीगमध्ये कारकीर्द लांबत नाही. खेळाडू संघटना सरासरी ३.३ वर्षं सांगते. बहुतेकांना गुडघा, खांदा किंवा संघमालक थांबवतो. बोरलंड स्वतःहून थांबला.