क्रिएटिनिनपुढचा तारा

सुनीलराव (नाव बदललंय) खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांच्या आईंनी पिशवीतून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, १.४२. शेजारी आकडा मर्यादेबाहेर असल्याचा तारा.

"बघा बाई, भाकरी सोडली आणि पोराची किडनी गेली."

पोराचं वय ४४. कोल्हापूरजवळ बांधकामावर सुपरवायझर. सहा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. जिममधल्या ट्रेनरच्या सांगण्यावरून चार महिन्यांपूर्वी किटो (भात-भाकरी जवळपास बंद करायचा आहार) धरलं आणि ९४ किलोवरून ८५ वर आले. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ ची ६.६ झाली. हे सांगताना ते जरा ताठ बसले, आणि बसणारच की.

किटोने किडनी खराब होते का, हे मला आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याला हो किंवा नाही ऐकायचं असतं. मी उलट विचारते, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?

त्यांच्या पत्नीने वहीत लिहूनच आणलं होतं. सहा अंडी, दोनशे ग्रॅम पनीर, पाव किलो चिकन, व्हे पावडरचे दोन चमचे (त्या डब्यातले मोठे). मी तिथेच बेरीज मांडली. प्रथिनं साधारण १७५ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या किलोमागे दोनच्या वर. निरोगी माणसासाठी आपल्याकडची शिफारस आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम.

खरं तर किटो हा स्निग्धाचा आहार. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. त्यात कर्बोदकं अगदी कमी आणि प्रथिनंही बेतानंच. आपल्याकडे होतं असं की भात-भाकरी सुटते, पण तुपाची भीती काही सुटत नाही. मग पोटातली रिकामी जागा अंडी, पनीर आणि पावडर भरून काढतात, आणि त्याला किटो म्हणतात.

"पावडरबरोबर आणखी काही घेता?"

"एक छोटा डबा आहे. क्रिएटिन."

रिपोर्ट सोमवारचा होता. रविवारी घरी तांबडा-पांढरा झालेला. क्रिएटिनिन आपल्या स्नायूंतून तयार होतं, शिजवलेल्या मटणातूनही येतं आणि क्रिएटिनच्या पावडरीतूनही. किडनीला काहीही न होता हा आकडा वर जाऊ शकतो. त्यात हे उन्हात दिवसभर उभे, आणि नऊ तासांत पाण्याची एक बाटली. पहिल्याच रिपोर्टवर किडनी गेली म्हणायला मी तयार नव्हते, आणि काही झालं नाही म्हणायलाही.

मग मी विचारलं, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातून गळणारं प्रथिन, कधी तपासलंय? "लघवी नॉर्मल होती," म्हणाले. ती साधी तपासणी. मी म्हणत होते ती अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनच्या प्रमाणाची, जिला लॅबवाले एसीआर म्हणतात. मधुमेह असेल तर ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी, कारण किडनीवरचा पहिला ओरखडा बहुतेकदा तिथेच दिसतो, क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी. सहा वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. किटोवर भांडणारं घर, आणि ही तपासणी कुणाच्या गावीही नाही. मला राग आला, तो गिळला.

क्रिएटिन तीन आठवडे बंद, तपासणीच्या आदल्या दिवशी मांस नाही, जिम नाही, पाणी नीट, एवढं सांगून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. नवं क्रिएटिनिन आलं १.०८. किडनीच्या गाळण्याचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, ६२ वरून ८७ वर. "म्हणजे नाही गेली?" आईंनी विचारलं.

पण एसीआर आलं ७४. ३० च्या आत हवं. ताप, लघवीचा संसर्ग किंवा दमछाक करणारा व्यायाम यानेही ते वाढतं, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा केलं. ६६. सोनोग्राफीत डाव्या बाजूला चार मिलिमीटरचा खडाही निघाला.

मी त्यांना सांगितलं ते असं. अल्ब्युमिन गळतंय त्याचा संशय आधी सहा वर्षांच्या साखरेवर जातो, एवढ्या महिन्यांच्या किटोवर नाही. किडनी धडधाकट असेल तर काही महिन्यांच्या किटोने तिचं काम घटल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. खड्याची गोष्ट वेगळी. या आहारात शरीरात आम्ल वाढतं, लघवीतलं खडे रोखणारं सायट्रेट कमी होतं. अपस्मारासाठी किटोवर ठेवलेल्या मुलांत वीसातल्या एकाला तरी खडे होतात, म्हणून बऱ्याच केंद्रांत त्यांना पोटॅशियम सायट्रेट देतात. (ते दुकानातून आणून मनानं घ्यायचं औषध नव्हे.) सुनीलरावांचा खडा किटोचा की बांधकामावरच्या उन्हाचा, ते मात्र मी छातीठोक सांगू शकले नाही.

खरी अडचण पुढेच होती. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन लिहून दिलं. अल्ब्युमिन गळणाऱ्या मधुमेही किडनीला जपणारी ही औषधं. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, गोळ्या आणल्या. किटो चालू ठेवू ना?"

"डॉक्टरांना किटोचं सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. किटोत साखर आधीच कमी, शरीर चरबी जाळून किटोन करत असतं. दोन्ही एकत्र आलं की किटोन इतके साठू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं, आणि ग्लुकोमीटरवर आकडा दीडशे-दोनशेच दिसतो. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तरी साखर बरी दिसते म्हणून माणूस घरीच पडून राहतो. जीवावर बेतू शकतं. ऑपरेशनआधी उपाशी राहावं लागतं, म्हणून तर ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ही गोळी थांबवतात. मी म्हटलं, ती गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन लावा. त्यांनी आधी जेवण नेहमीवर आणा, मग गोळी सुरू करा असं सांगितलं.

सुनीलराव नाराज झाले. साखर ज्या आहाराने खाली आणली तोच सोडायचा! त्यांचं चुकत नव्हतं. अर्धा तास आम्ही घासाघीस केली. शेवटी कर्बोदकं दिवसाला १२० ते १३० ग्रॅमवर ठरली, व्हे आणि क्रिएटिन बंद, प्रथिनं किलोमागे एक ग्रॅमच्या आत, बाटलीऐवजी कॅन. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी तर डोस बदलून घेतल्याशिवाय भात-भाकरी एकदम तोडू नये, साखर झपकन खाली जाते. आणि ईजीएफआर ६० च्या खाली असेल किंवा एकच किडनी असेल, तर किटोचा विचार किडनीच्या डॉक्टरांसमोर बसूनच करावा.

मी दिवसाला ज्वारीच्या दोन भाकऱ्या लिहून दिल्या, एकीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं धरून. महिन्याने वजन दोन किलोने वर. वही उघडली, तर लिहिलेलं, "भाकरी २," आणि खाली बारीक अक्षरात, "आईंच्या हातच्या."

एकीला पीठ किती घेता, मी आईंना विचारलं. त्यांनी ओंजळ करून दाखवली. वजनकाट्यावर ती शंभर ग्रॅम भरली.